मांडीवरचा प्रवासी

"पोराला मी घेईन की मांडीवर!" ताई म्हणाली आणि तिच्यापुरता गाडीचा प्रश्न मिटला.

ताईचं घर डिलाईल रोडला. पाटीवर ना. म. जोशी मार्ग, पण लोअर परळात अजून बोलायचं ते डिलाईल रोडच. घरात माणसं सहा: ताई, भावजी, भाचा, सूनबाई, चार वर्षांची नात आणि सात महिन्यांचा नातू. गाडी घ्यायची हे ठरलेलं, बघून ठेवलेल्या गाडीत आसनं पाच. सहावा मांडीवर, हा हिशेब आमच्या पिढीच्या इतका अंगवळणी पडलेला की त्यात काही चुकतंय असं तिला वाटलंच नाही. "मामा, तूच सांग आता आईला," म्हणत भाच्याने चेंडू माझ्याकडे टाकला.

ताईचा तरी काय दोष? आम्ही वाढलोच मांडीवर. एसटीत पाच वर्षांखालचं पोर फुकट, म्हणजे ते मांडीवरच. आणि गावाला निघताना दारात यायची ती काळी-पिवळी पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, त्यामुळे पुढे सलग बाक. ड्रायव्हरशेजारी भावजी आणि दोन पोरं, मागे चार बाया, त्यांच्या मांडीवर उरलेली पोरं, टपावरच्या कॅरिअरवर वळकट्या नि ट्रंका. किती माणसं बसली हे कुणी मोजत नसे. वीस वर्षांची मुदत संपून मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्ता सोडला. मांडी मात्र अजून शाबूत आहे.

मी ताईला आकडा सांगितला. गाडी ताशी ५० किलोमीटरने जात असेल आणि धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आठ किलोचं बाळ पुढे झेपावतं ते शंभर-सव्वाशे किलोच्या ओढीने. तांदळाची ५० किलोची दोन पोती कुणीतरी हातातून हिसकावतंय, असं समज. आजीचे हात कितीही मायेचे असोत, तेवढ्यात ते सुटतातच. आणि आजीने स्वतः पट्टा लावलेला नसेल तर पुढच्या सीटच्या पाठीवर बाळ आधी आपटतं, त्याच्यावर आजी.

ताई गप्प झाली. मग म्हणाली, "मागे बसणारे कुठे लावतात पट्टा?"

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी मर्सिडीज होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते आणि ते दोघेच दगावले. पुढचे दोघे जबर जखमी होऊन वाचले. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२पासून मुंबईत गाडीतल्या प्रत्येकाला पट्ट्याची सक्ती झाली. कायदा आधीपासूनच होता, जाग तेव्हा आली. मोटार वाहन कायद्याच्या १९४-ब कलमात दंड हजार रुपये आहे, आणि चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा चाइल्ड सीटविना बसवलं तर त्याचे हजार वेगळे. २०२२ या एका वर्षात देशात पट्टा न लावलेली १६,७१५ माणसं गाड्यांमध्ये मेली. त्यातली निम्मी चालवणारी, निम्मी नुसती बसलेली.

म्हणून गाडी बघायला जाताना माणसं नव्हे, पट्टे मोजावेत. आणि तेही शोरूममध्ये मागच्या सीटवर बसून. मागच्या मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा आहे की नुसता कमरेचा? डोकं टेकायला आधार आहे का? चाइल्ड सीट अडकवायचे आयसोफिक्सची लोखंडी कडी सीटच्या बेचक्यात हाताला लागतात का? आम्ही गेलो तेव्हा विक्रेता मुलगा सनरूफ उघडून दाखवत होता. भाच्याने बेचक्यात हात घातला तसा तो जरा गोंधळला. दोन कडी मिळाली, त्यांच्यावर प्लास्टिकची टोपणं तशीच होती.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात आली. मागे दोन चाइल्ड सीट बसवल्या की या आकाराच्या गाडीत मधली जागा नावापुरती उरते. मोठं माणूस तिथे मावत नाही. म्हणजे पाच आसनी गाडी दोन लहान मुलांच्या घरासाठी प्रत्यक्षात चार आसनी असते. पुढच्या सीटवर बाळ ठेवण्याचा प्रश्नच नाही. तान्ह्या बाळाची सीट पाठमोरी असते, आणि समोरून एअरबॅग फुटली तर ती त्या सीटच्या पाठीवर हाणते.

मग सात आसनी घ्यावी का? भावजींचं मत तेच होतं. इथे कराची गंमत समजून घ्यायला हवी. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतच्या आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सूट मिळाली. तेव्हापासून कंपन्या गाडीची शेपूट कापून ती चार मीटरांत बसवू लागल्या. २२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर आले तेव्हाही रेषा तीच राहिली: आतल्या गाडीला १८ टक्के, बाहेरच्या गाडीला ४०. सात आसनी एर्टिगा चार मीटरहून लांब, म्हणून ४० टक्क्यांत. ट्रायबर चार मीटरच्या आत तीन रांगा बसवते, म्हणून १८मध्ये. पण तिन्ही रांगा उभ्या असताना ट्रायबरच्या डिकीत उरते ८४ लिटर जागा. गणपतीला निघालेल्या घराचं सामान सोडा, त्यात ताईची फराळाची पिशवी आणि बाळाचे लंगोट एवढंच जातं.

सुरक्षेच्या ताऱ्यांचंही तसंच. तारे बघावेतच, पण ते कधीचे हेही बघावं. २०१४मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून पाहिल्या, पाचांनाही शून्य. २०१८च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉनने पहिल्यांदा पाच तारे आणले. २०२२मध्ये चाचण्या कडक झाल्या, त्यामुळे त्याआधीचे चार तारे आणि आजचे चार तारे यांची तुलना करू नये. एर्टिगाला २०१९मध्ये तीन तारे होते; २०२४मध्ये आफ्रिकेच्या बाजारासाठीची, भारतात बनलेली दोन एअरबॅगची एर्टिगा तपासली तेव्हा एकच मिळाला. आता आपल्याकडे तिला सहा एअरबॅग आल्या आहेत, हे खरं. १ ऑक्टोबर २०२३पासून आपलं स्वतःचं भारत एनकॅप आहे. समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरने, बाजूची ५०ने, खांबावरची २९ने.

या चाचणीत पुतळे कुठे बसवतात ते ताईला सांगितलं तेव्हा भावजींनी पेपर खाली ठेवला. समोरच्या धडकेत पुढच्या दोन सीटवर मोठ्या माणसांचे पुतळे, आणि मागे दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे, चाइल्ड सीटमध्ये. तिसऱ्या रांगेत कुणीच नसतं. म्हणजे आजी-आजोबांना जिथे बसवायचं, त्या जागेबद्दल तारे काहीच सांगत नाहीत. छोट्या सात आसनी गाडीत तिथे बसणाऱ्याच्या डोक्यामागे काच आणि काचेमागे रस्ता, मध्ये वीतभर अंतर. मागून ट्रक आला तर पहिला धक्का त्यांनाच. माझं मत विचाराल तर चार मीटरच्या आत तिसरी रांग असूच नये. आहे तर ती वर्षातून दोनदा, दहा मिनिटांच्या अंतरासाठी वापरावी.

भाचा आतापर्यंत स्कूटरवर होता. पुढे उभी मुलगी, मागे बायको, तिच्या कुशीत बाळ. कायद्याने दुचाकीवर मागे एकच माणूस बसतं. फेब्रुवारी २०२३पासून चार वर्षांखालच्या मुलाला हार्नेस, ते नऊ महिन्यांचं झालं की हेल्मेट आणि ताशी ४०ची मर्यादा आहे. २०२२मध्ये रस्त्यावर मेलेल्या १,६८,४९१ जणांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. पावसात स्कूटरवर चाललेलं असंच चौकोनी कुटुंब पाहून रतन टाटांच्या मनात नॅनो आली. २००८मध्ये ती दाखवली गेली, लाखाची गाडी म्हणून गाजली, आणि २०१४च्या त्या शून्यवाल्या पाचांत तीही होती. तरी स्कूटरवरून उतरून नॅनोत बसणं हे त्या चौघांसाठी बरंच होतं, असं मला अजून वाटतं. तुलना नेहमी आज ज्यावर बसतोय त्याच्याशी करावी.

पैशांचं बोलू. सात लाखांचं कर्ज, नऊ टक्क्यांनी, सात वर्षं, तर हप्ता सव्वाअकरा हजारांच्या आसपास. मुंबईत टॅक्सीचं भाडं फेब्रुवारी २०२५पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. दहा किलोमीटरची फेरी साधारण २०६ रुपयांना पडते. म्हणजे नुसत्या हप्त्यात महिन्याला ५४ फेऱ्या, आणि त्यात पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, पार्किंग काहीच धरलेलं नाही. शहरातल्या फिरण्यासाठी लोअर परळच्या माणसाने गाडी घेणं हिशेबात बसत नाही, हे स्वच्छ सांगून टाकतो. इकडे रिक्षा येत नाही हे खरं, डिलाईल पूल २०१८ ते २०२३ बंद होता, आणि तो सुरू झाल्यावर २०२५च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टनचा पूल बंद झाला. पण बंद पूल स्वतःच्या गाडीलाही बंदच असतो. गाडी लागते ती रात्री अडीचला तापलेलं पोर घेऊन वाडिया हॉस्पिटल गाठायला, धो धो पावसात, आणि गावाला.

त्याआधी एक प्रश्न: लावणार कुठे? नव्या वाहनाच्या नोंदणीला पार्किंगचा दाखला मागायचा, असं परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५मध्ये बोलून दाखवलं. दाखला येवो न येवो, गिरण्यांच्या जागेवरच्या टॉवरांत गाड्या एकावर एक चढवणारं यांत्रिक पार्किंग असतं आणि त्याच्या फळ्यांना उंचीची नि वजनाची मर्यादा असते. उंच गाडी घेऊन आलेल्या भाच्याच्या शेजाऱ्याला वॉचमनने दारातच थांबवलं. ती आता रस्त्यावर असते. सोसायटीच्या माणसाकडून दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या आणि मगच शोरूमला जा.

सीएनजी? शंभरीपार पेट्रोल आणि ऐंशीच्या घरातला गॅस पाहून मोह होतो. पण वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या घराची बचत सतरा-अठरा हजार, आणि सीएनजीच्या गाडीला जादा मोजायचे नव्वद हजार ते लाख. पाच वर्षांनी कुठे बरोबरी. शिवाय टाकी डिकीत, आणि तिची दर तीन वर्षांनी चाचणी. रोज चाळीस किलोमीटर चालवणाऱ्याने जरूर घ्यावी. भाच्याने नाही घेतली.

पावसाबद्दल पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताच्या आसपास राहणाऱ्यांना मी काय सांगणार? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि काचा-दारं न उघडल्याने काही माणसं गाडीतच गुदमरली. तेव्हापासून काच फोडायचा छोटा हातोडा मी हाताशी ठेवतो, डिकीत नव्हे. विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घ्या. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं आणि दांडे वाकतात, मग तो खर्च साध्या विम्यातून मिळणं कठीण. जुनी गाडी घेणाऱ्याने मागचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघावा. सीट धुता येते, पण पट्ट्याच्या गुंडाळीत आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. गाडी बुडाली होती हे ती रेघ सांगते.

शेवटी भाच्याने चार मीटरच्या आतली, पाच तारे असलेली, सहा एअरबॅगची पेट्रोल गाडी ठरवली. मधली श्रेणी, सनरूफ नाही. वाचलेल्या पैशांत दोन चाइल्ड सीट. सहा जणांचा प्रश्न तसाच राहिला. "मग आम्ही दोघांनी गावाला कसं जायचं? गाडी घेऊन उपयोग काय?" ताईचा प्रश्न रास्त होता. कोकण रेल्वेने ऑगस्ट २०२५मध्ये कोलाड ते वेर्णा गाड्या रेल्वेवर चढवून न्यायची सेवा सुरू केली, तेही पाहिलं. भाडं होतं ७,८७५ रुपये, आणि एका गाडीमागे माणसं फक्त तीन. तीन!

तेव्हा ठरलं ते असं: चौघं गाडीने, कणकवलीपर्यंतचा महामार्ग उजेडात आणि मध्ये दोनदा थांबून. ताई आणि भावजी दादरहून तुतारी एक्स्प्रेसने, खालचे बर्थ. २०२६चे गणपती १४ सप्टेंबरला. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडतं, म्हणजे जुलैच्या मध्यावर. भाच्याने मोबाईलमध्ये गजर आत्ताच लावून ठेवलाय.