लांबी दुप्पट, वजन आठपट, नाव एकच

ब्लू स्केट हा मासा वाढून वाढून 1.43 मीटरचा होतो. त्याचा भाऊबंद फ्लॅपर स्केट 2.85 मीटरपर्यंत जातो. लांबी दुप्पट, पण अंग तिन्ही अंगांनी वाढतं, म्हणून 2 × 2 × 2 या हिशोबाने वजन जवळजवळ आठपट भरतं. एवढी तफावत असूनही ईशान्य अटलांटिकमधले हे दोन मासे 1926 पासून 83 वर्षं ‘कॉमन स्केट’ या एकाच नावावर जमा होत राहिले.

दोघेही पाकटासारखे चपटे. ओळखायचे तर डोळे पाहावेत : ब्लू स्केटची बुबुळं फिकट पिवळी, फ्लॅपरची गडद शेवाळी. फ्रेंच बंदरांवर उतरलेली मासळी निरखून संशोधकांनी 2009 मध्ये दोघांना वेगळं काढलं. जनुकांच्या तपासणीनेही तेच सांगितलं.

तोवर नोंदवहीतल्या गफलतीचा फटका थोरल्याला बसला होता. ब्लू स्केटची मादी 11 वर्षांत वयात येते, फ्लॅपरची 20 वर्षांत. धाकटा जाळ्यात येत राहिला की ‘कॉमन स्केट मिळतोय’ अशीच नोंद व्हायची. थोरला घटतोय हे त्या आकड्यात दिसायचंच नाही.

फ्लॅपरचं अंडं म्हणजे सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची चिवट, चामड्यासारखी पिशवी. स्कॉटलंडमध्ये टाकीत ठेवलेलं एक अंडं उबायला 534 दिवस लागले. समुद्रात तेवढे दिवस ते तळाच्या दगडगोट्यांत पडून असतं. तळ खरवडणारं जाळं एकदा फिरलं की खेळ खलास. पिल्लू जन्मतःच इतकं मोठं असतं, की पहिल्या दिवसापासून जाळ्यात अडकू शकतं. तिथल्याच स्काय बेटाजवळच्या समुद्रात पाणबुड्यांना अशी शंभरावर अंडी सापडली, तेव्हा 2021 मध्ये तो पट्टा तातडीने संरक्षित करावा लागला.

धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत आज दोघांवरही ‘अतिसंकटग्रस्त’ हाच शिक्का आहे. घड्याळं मात्र वेगळी. युरोपीय संघाने कॉमन स्केट बंदरावर उतरवायला मनाई केली तीही 2009 मध्येच. त्या वर्षी जन्मलेली ब्लू स्केटची मादी 2020 च्या सुमारास वयात आली. त्याच वर्षी घातलेल्या फ्लॅपरच्या अंड्यातली मादी वयात येईल 2030 च्या आसपास. बंदीने थोरल्याला काय दिलं, याचा हिशोब मांडायला तेव्हा कुठे सुरुवात होईल.