प्रारूप आराखडा आणि ३० दिवस

शिरड शहापूरच्या ग्रामस्थाला ग्रामसभा ओळखीची असते. गावाचा मतदार तिचा आपोआप सदस्य. उठून बोलला की मुद्दा मांडला गेला. नगरपंचायत असलेल्या औंढा नागनाथसारख्या गावात प्लॉट घेतला, की रीत बदलते.

तिथे रस्तारुंदी, बाजार, बगीचा हे सारे विकास आराखड्यात (जागेच्या वापराचा नकाशा व नियम) ठरते. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार आधी प्रारूप प्रसिद्ध होते. प्रारूप म्हणजे लग्नपत्रिकेची छपाईपूर्वीची कच्ची प्रत: चूक आताच दाखवायची.

आपल्या प्लॉटवर आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखीव जागा) दिसले, की ‘जागा गेली’ असा समज होतो. तसे नसते. मालकी लगेच जात नाही. त्यासाठी संपादन व मोबदला लागतो. दुसरा समज जास्त महागात पडतो: सभेत आवाज चढवला म्हणजे हरकत नोंदली! हरकत ३० दिवसांत लेखीच द्यावी लागते. मग नियोजन समितीपुढे सुनावणी. अर्जात सर्व्हे किंवा गट क्रमांक, आरक्षण क्रमांक आणि नेमका बदल लिहावा. ‘अन्याय झाला’ एवढ्यावर समिती काय करणार? पोच घ्यायला मात्र विसरू नये.