दुष्काळामागून येणारा निधी

जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातील शंभरावर मागास जिल्ह्यांची ‘आकांक्षित जिल्हे’ या नावाने यादी काढली. महाराष्ट्रातील चार जिल्हे तीत होते : गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव. बीड नव्हते. या यादीचा अर्थ मांजरा नदीच्या काठावर फार लवकर कळला. नदीच्या एका अंगाला कळंब तालुका, तो धाराशिवचा. दुसऱ्या अंगाला केज, तो बीडचा. पाऊस तोच, काळी जमीन तीच, सोयाबीनचा पडलेला भावही तोच. पण ‘आकांक्षित जिल्ह्यांना प्राधान्य’ अशी अट घालून एखाद्या कंपनीने प्रस्ताव मागवले, की कळंबची संस्था अर्ज करते आणि केजची संस्था ती जाहिरात बाजूला ठेवते.

गेल्या पन्नासेक वर्षांत केजच्या परिसरात सामाजिक कामासाठी बाहेरून जो पैसा आला, त्याची चाल बरीचशी अशीच राहिली आहे. तो गरज मोजून आलेला नाही. कधी दुष्काळ पाहून आला, कधी वर्तमानपत्रातला मथळा वाचून, तर कधी दिल्लीतल्या एखाद्या यादीवरून.

मागोवा घ्यायचा तर १९७२ पासून सुरुवात करावी लागते. त्या दुष्काळाच्या आठवणीत सुकडी आहे, अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आहे आणि खडी फोडण्याची कामे आहेत. त्या काळात परदेशी मदत गावात पोहोचे ती चर्चच्या मदतसंस्थांमार्फत किंवा सरकारी यंत्रणेतून. स्थानिक नोंदणीकृत संस्था हा प्रकार मराठवाड्यात विरळच होता. या मदतीतली सर्वांत टिकाऊ गोष्ट मात्र धान्य नव्हती, पाणी होते. जालन्याच्या स्कॉटिश मिशनमधले जॉन मॅक्लिऑड यांनी साठच्या दशकात ब्रिटनमधल्या चर्चच्या देणग्यांतून बोअर घेणारे यंत्र आणवले. कठीण खडकातून पाणी काढायचे आणि त्यावर न मोडणारा हातपंप बसवायचा, या खटपटीतून ‘जालना पंप’ तयार झाला. पुढे सोलापूरच्या मिशनने त्यात सुधारणा केल्या आणि त्याच वाटेने देशभर दिसणारा ‘इंडिया मार्क टू’ हापसा आला. मराठवाड्यात परदेशी देणगीचा इतका सरळ आणि इतका दीर्घ उपयोग पुन्हा क्वचितच झाला असेल.

१९७६ मध्ये, आणीबाणीत, परदेशी देणग्यांवरचा एफसीआरए कायदा आला. गंमत अशी, की परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थांचा खरा बहर त्यानंतरच आला. १९८२ मध्ये अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी ‘मानवलोक’ सुरू केली. शैला लोहिया यांचे ‘मनस्विनी’ हे स्त्रियांचे काम त्यानंतर दोनच वर्षांनी उभे राहिले. याच दशकात दलितांच्या जमीनहक्कासाठी एकनाथ आवाड बीड जिल्ह्यात काम करू लागले आणि पुढे मानवी हक्क अभियान उभे राहिले. त्या काळचे परदेशी देणगीदार आजच्या मानाने ऐसपैस होते. पुण्यात स्वित्झर्लंडच्या स्विसएडचे कार्यालय होते. देणगीदारांची माणसे एसटीने गावात येत, सभेला बसत, रात्री कार्यकर्त्याच्या घरी जेवत आणि तीन-तीन वर्षांचा निधी मान्य करून जात. निधीत कार्यकर्त्याचे मानधन असे, फटफटीचे पेट्रोल असे, शिबिराच्या जेवणाचा खर्चही असे.

आज नवल वाटते ते एवढ्याचसाठी, की त्या निधीतून संघर्षाचे काम होऊ शकत होते. गायरान जमिनी कसणाऱ्या दलित कुटुंबांचा प्रश्न घ्या. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. पण निर्णय निघणे आणि सातबाऱ्यावर नाव लागणे यांत वर्षानुवर्षांचे अंतर होते. पंचनामे गोळा करायचे, पिकाच्या नोंदी शोधायच्या, मारहाण झाली तर पोलीस ठाण्यात रात्र काढायची. हे काम पगारी माणसाशिवाय होत नाही, आणि फोटोतही येत नाही. असा खर्च मान्य करणारा देणगीदार आज शोधून सापडणे कठीण.

सरकारी निधीची वाट वेगळी होती. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाकडून बालवाड्यांना आणि महिला मंडळांना छोटी अनुदाने मिळत. १९८६ मध्ये ‘कपार्ट’ आले. ग्रामीण स्वयंसेवी संस्थांना थेट दिल्लीहून पैसा देणारी ही यंत्रणा. तालुक्याच्या गावातला पदवीधर तरुण सात सभासद जमवून, बीडच्या धर्मादाय कार्यालयातून नोंदणी करून, प्रस्ताव टपालाने दिल्लीला पाठवू लागला तो याच काळात. पाणलोट, घरकुले, शौचालये, प्रशिक्षण वर्ग असे सगळे त्यात होते. अनेक संस्था यातून घडल्या. काही केवळ कपार्टसाठीच जन्मल्या आणि कपार्टच्या काळ्या यादीत विसर्जित झाल्या. उपयोगिता प्रमाणपत्र, दुसरा हप्ता, तपासणी अधिकारी हे शब्द मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी बसवले ते कपार्टने. त्या नादात ‘संस्था काढणे’ हा बेकारांचा उद्योग आहे अशी टवाळीही रूढ झाली. त्या टवाळीची किंमत प्रामाणिक संस्थांना आजतागायत मोजावी लागते. २०२० मध्ये केंद्र सरकारने कपार्ट बंद करून ती हैदराबादच्या राष्ट्रीय ग्रामीण विकास संस्थेत विलीन केली. समाजकल्याण मंडळाचाही कारभार अलीकडेच गुंडाळला गेला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. केज त्या पट्ट्यात नव्हते, पण मराठवाड्यातल्या निधीची दिशाच त्या पहाटेने बदलली. देशविदेशातल्या संस्था लातूर-उस्मानाबादेत उतरल्या, जागतिक बँकेच्या कर्जातून ५२ गावांचे पुनर्वसन झाले. भारतीय जैन संघटनेने बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली; तिचे संस्थापक शांतिलाल मुथ्था मूळचे बीड जिल्ह्यातले. स्वयम् शिक्षण प्रयोगसारख्या संस्थेला सरकारने लोकसहभागासाठी रीतसर सल्लागार नेमले. संस्था म्हणजे सरकारी कार्यक्रमातला एक पक्ष, हे नाते तिथे घट्ट झाले. मांजरेच्या अलीकडच्या संस्थांच्या वाट्याला त्यातले फारसे आले नाही.

त्यांच्या वाट्याला आला तो पाणलोट आणि बचत गट. १९९२ मध्ये जर्मनीच्या मदतीने, नाबार्डमार्फत, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम महाराष्ट्रात सुरू झाला. त्यामागे अहमदनगरचे फादर हर्मन बाकर होते. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी पाळायची, मगच पैसा. संस्था आणि गावसमिती यांच्या नावे संयुक्त जबाबदारी. देणाऱ्याने आधी घेणाऱ्याची परीक्षा घ्यावी, ही पद्धत अनेकांना जाचक वाटली, पण तिच्यामुळे गळती कमी झाली हे मान्य करावे लागते. त्याच वर्षी नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोगही सुरू केला. संस्थांनी गावोगाव गट बांधले, वह्या लिहायला शिकवले, बँक मॅनेजरच्या दारात बायकांना उभे केले. २०११ नंतर ‘उमेद’ अभियान आले, निधी थेट गटांच्या खात्यात आणि त्यांच्या संघांकडे जाऊ लागला. तत्त्व म्हणून हे योग्यच झाले. पण गट बांधणाऱ्या संस्थांच्या हाती त्यानंतर काही उरले नाही.

मग पुन्हा दुष्काळ. २०१२-१३ चा, आणि पुढे २०१४-१५ पासून सलग दोन वर्षे. केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण लातूरची तहान भागवते. ते आटले, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पाण्याच्या त्या गाडीची छायाचित्रे देशभर झळकली. ज्याच्या शिवारात धरण आहे, त्या केजच्या गावांची तहान मात्र टँकरवर भागत होती आणि तिचे छायाचित्र कोणी काढत नव्हते.

या दुष्काळाने निधीचा नवा प्रकार आणला : नामवंतांचा. २०१५ मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नींना १५ हजार रुपयांची मदत द्यायला सुरुवात केली. त्यातून ‘नाम’ फाउंडेशन उभे राहिले. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत झाली, त्यात अंबाजोगाई होते. पुढच्या वर्षी तीस तालुक्यांत केजही आले. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात माणसे रात्री-पहाटे चर खोदत होती. त्यानंतर मशिनकामाला जैन संघटनेची यंत्रे आली, डिझेलला सरकारने हातभार लावला. पहिले बक्षीस ५० लाखांचे, आणि ते गावाला. यात स्थानिक संस्थेची जागा कुठे होती? बहुतेक ठिकाणी नव्हतीच. दात्याला मधला माणूस नको होता. स्पर्धा संपल्यावर चरांची दुरुस्ती, पिकाचा आराखडा आणि भांडणे मिटवणे यांसाठी मधला माणूस लागतो, हे नंतर लक्षात आले.

संस्थांना सरकारने एका कामासाठी मात्र हमखास बोलावले : चारा छावण्या. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यात सर्वाधिक छावण्या बीड जिल्ह्यात होत्या. मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० आणि पुढे १०० रुपये, लहानामागे ४५ आणि मग ५०. पैसा आधी संस्थेने घालायचा, बिले मागून. ज्याच्यामागे साखर कारखाना, पतसंस्था किंवा पुढारी, त्यालाच हे झेपे. गावात प्रामाणिकपणे बालवाडी चालवणाऱ्या संस्थेला चाऱ्याचे ट्रक उधारीवर कोण देणार?

दरम्यान कंपनी कायदा बदलला होता. १ एप्रिल २०१४ पासून ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करणे बंधनकारक झाले. कायद्यात ‘स्थानिक परिसराला प्राधान्य’ असे शब्द आहेत. कारखाने पुणे-मुंबई-नाशिकला, म्हणून परिसरही तिकडचाच. अलीकडे केजच्या माळावर पवनऊर्जा कंपन्या आल्या, तेव्हा या शब्दांना इथे पहिल्यांदा काही अर्थ येईल असे वाटले होते. पण तालुक्याचे नाव देशभर गेले ते वेगळ्याच कारणाने. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. तपास यंत्रणेच्या आरोपपत्रानुसार त्यामागे पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा वाद होता. खटला चालू आहे. ज्या तालुक्यात कंपनीच्या दारात आधी खंडणीखोर पोहोचतो, तिथे प्रस्तावाची फाईल घेऊन कोण आत जाणार आणि कंपनी तरी कोणाला बसा म्हणणार?

सीएसआरबद्दल एक गैरसमजही इथल्या संस्थांना नडतो. प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत हवा, ही मर्यादा नियमानुसार कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या नव्हे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये तसा खुलासाही केला. तरी कंपन्यांचे अधिकारी तीच मर्यादा संस्थेवर लादतात, आणि संस्था वाद न घालता सही करते. मग लेखनिकाचा पगार, ऑडिटची फी आणि कार्यालयाचे भाडे विश्वस्तांच्या खिशातून जाते.

२०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची बातमी गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. मथळ्यामागोमाग निधी आला, पण तो प्रामुख्याने पाहण्या, अहवाल आणि जाणीवजागृतीसाठी. ‘नवचेतना’सारख्या, या महिलांत आधीपासून काम करणाऱ्या जिल्ह्यातल्या संस्थांकडे अभ्यासक रांगेने आले, कारण फडावरची बाई परक्यापाशी बोलत नाही. अभ्यासाचा पैसा अभ्यासकाच्या संस्थेत गेला.

त्यातच सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशी निधी एका संस्थेने दुसरीला देण्यावर पूर्ण बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि पहिले खाते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच काढणे सक्तीचे झाले. तालुक्याच्या गावातली छोटी संस्था परदेशी देणगीदारापर्यंत स्वतः कधी पोहोचत नसे; तिला तो पैसा पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेकडून मिळे. तो दरवाजा एका कलमाने बंद झाला. स्वतःची नोंदणी करायची, तर तीन वर्षांत १५ लाख रुपये कामावर खर्च केल्याचे दाखवावे लागते.

उरली ती व्यक्तींची देणगी. अमेरिकेतल्या मराठी माणसांचे महाराष्ट्र फाउंडेशन, ‘लोकसत्ता’चा गणेशोत्सवातला ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रम अशा वाटांनी मराठवाड्यातल्या संस्था शहरी वाचकाला माहीत झाल्या. कार्यकर्त्याच्या पगारावर न कुरकुरता खर्च होऊ शकणारा पैसा आज बहुधा हाच. सोशल स्टॉक एक्स्चेंजचा मार्गही खुला झाला आहे, पण तिथे उभारायची किमान रक्कम ५० लाख आहे. ज्या संस्थेचे वर्ष दहा-बारा लाखांत निघते, तिला ती वाट सध्या तरी दुरूनच पाहावी लागते.

देणगीदाराला करसवलत हवी, तर संस्थेकडे ८०जी प्रमाणपत्र हवे. आयकर खात्याच्या नव्या पद्धतीत २०२१ मध्ये सर्व जुन्या संस्थांना फेरनोंदणी सक्तीची झाली, मुदत पाच वर्षे. छोट्या संस्थांना स्वतःच्या करमाफीच्या १२ए नोंदणीची मुदत आता दहा वर्षांची मिळू शकते. ८०जी मात्र पाचच वर्षांचे. २०२१ ची मुदत मार्च २०२६ अखेर संपणार होती, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी द्यायचा होता. नेमक्या सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. मांजरेला पूर आला, सोयाबीन उभ्याने कुजले, जमिनी खरवडून गेल्या. शिध्याचे किट, ताडपत्र्या आणि वह्या-पुस्तके घेऊन राज्यभरातून टेम्पो निघाले, आणि कोणत्या गावाला काय हवे हे सांगायला पुन्हा स्थानिक कार्यकर्तेच फोनवर होते. नूतनीकरणाचा फॉर्म १०एबी भरायची शेवटची तारीख होती ३० सप्टेंबर.