‘माझेच भोग’ : न्यायाची कल्पना आणि आजीचं डिप्रेशन

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही देतोय. बोलताना आलेले ‘ॲक्चुअली’ जमतील तेवढे काढलेत.

आजचा विषय घरातला आहे. माझी आजी गेलं दीड वर्ष पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात आहे. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशननंतर चोवीस तास माणूस लागायला लागलं आणि आमच्याकडे सगळेच नोकरीवाले. पहिले काही महिने बरे गेले. मग तिने भजनाला जाणं सोडलं, जेवण कमी केलं, फोनवर नुसतं ‘हो’ आणि ‘बरं’. एका रविवारी मी खोदून विचारलं तर म्हणाली, “कुणाचा दोष नाही रे बाळा. माझेच भोग. केलं असेल काहीतरी.”

आता गंमत बघा. हीच आजी मला लहानपणी सांगायची, पेरलं तसं उगवतं, चांगलं वाग, चांगलंच होईल. त्याच विश्वासाने तिला आयुष्यभर उभं ठेवलं. मग आता तोच तिच्या अंगावर कसा आला?

मानसशास्त्रात या विश्वासाचा बराच अभ्यास झालाय. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी 1966 मध्ये एक प्रयोग छापला. एका बाईला चुकीच्या उत्तरासाठी विजेचे झटके बसताना मुलींना दाखवले. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. ज्यांना तिची सुटका करता येत होती, त्यांनी बहुतेक करून ती केली. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं आणि तिचा त्रास पुढेही चालू राहणार असं सांगितलं होतं, त्यांनी मात्र तिलाच कमी लेखायला सुरुवात केली. जग न्यायाने चालतं हे धरून ठेवायचं असेल, तर सोसणाऱ्यातच खोट असली पाहिजे ना!

हे आपल्याकडेही चालतं. वृद्धाश्रमातल्या माणसाबद्दल ‘सुनेला छळलं असेल’, ‘मुलांवर संस्कार केले नसतील’ हे मी नातेवाइकांच्या तोंडून ऐकलंय. आजीनेही ऐकलं असणार. किंबहुना पूर्वी इतरांबद्दल ती स्वतःही असं बोलली असेल. आता तीच फूटपट्टी तिने स्वतःला लावली.

जर्मन संशोधक क्लाउडिया डालबर्ट यांनी इथे एक महत्त्वाचा फरक केला. ‘जग न्यायी आहे’ हा एक विश्वास आणि ‘माझ्याशी न्यायाने वागलं जातं’ हा दुसरा. मनाच्या स्वास्थ्याशी जास्त घट्ट नातं दिसतं ते दुसऱ्याचं. मला तर वाटतं, पहिला शाबूत राहून दुसरा तुटला की अडकायला होतं. जग न्यायी आहे, माझ्या वाट्याला मात्र हे आलं, म्हणजे मीच वाईट. हिशेब चोख, फक्त उत्तर भयंकर.

पण स्वतःला दोष देणं सगळं सारखं नसतं. रॉनी जानॉफ-बुलमन यांनी 1979 मध्ये ते दोन भागांत वेगळं केलं. ‘ओल्या फरशीवर मी चप्पल न घालता गेले’ हा वागण्याला दिलेला दोष. पुढच्या वेळी काळजी घेता येते. ‘मीच तशी आहे’ हा स्वभावाला दिलेला दोष. त्यांनी कॉलेजमधल्या मुलींचा अभ्यास केला, तेव्हा डिप्रेशन असलेल्यांमध्ये हा दुसरा प्रकार जास्त सापडला. आजीचं ‘भोग’ त्याच जातीचं. गेल्या जन्मातलं काय दुरुस्त करणार?

हे वाचून मी पुढच्या रविवारी वेगळा प्रश्न विचारला. “आजी, इथे नेमकं काय झालं?” बराच वेळ गेल्यावर कळलं. तिची खिडकीजवळची कॉट हलवून दाराशी टाकली होती. न सांगता. मी ऑफिसात चौकशी केली तर कारण साधं होतं : नव्या बाईंना ऑक्सिजनचं मशीन लागतं आणि प्लग खिडकीपाशी. निर्णय चूक नव्हता. पण कुणी सांगितलंच नाही, म्हणून आजीने कारण स्वतःच शोधलं आणि ते स्वतःतच सापडलं. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांनी 1975 मध्ये कोर्टाच्या संदर्भात हेच मांडलं होतं. निकाल विरोधात गेला तरी आपलं म्हणणं ऐकलं गेलं असेल, तर माणसाला तो जास्त न्याय्य वाटतो.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा 1976 चा प्रयोग तर थेट अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममधला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमचे निर्णय तुम्ही घ्या, कुंडी निवडा, पाणी तुम्ही घाला. दुसऱ्या मजल्यावर कुंडी दिली, पण पाणी नर्स घालणार. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त उत्साही आणि आनंदी दिसले. सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा एवढीच बाकीची निवड होती, बरं का.

आणि हो, डॉक्टरही लागतात. आमच्या डॉक्टरांनी 15 प्रश्नांची जेरिॲट्रिक डिप्रेशन स्केल वापरली, उत्तरं फक्त हो किंवा नाही. शेवटचा प्रश्न साधारण असा, की बहुतेक लोक तुमच्यापेक्षा बऱ्या स्थितीत आहेत असं वाटतं का. आजी पटकन ‘हो’ म्हणाली. गोळी सुरू झाली. कुणाच्या घरी असं काही असेल तर टेली-मानसचा 14416 आणि ज्येष्ठांसाठीचा 14567 हे दोन नंबर जवळ ठेवा.

कॉटचं कारण मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, “मग आधी बोलायला काय झालं होतं यांना?” महिन्यांनंतर पहिल्यांदा आवाज चढला. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. फरक गोळीने किती आणि बोलण्याने किती, ते मला वेगळं काढता येत नाही. पण सध्या तिचं भांडण पेपरवरून चालू आहे : तो आधी पुरुषांच्या खोलीत जातो आणि शब्दकोडं भरूनच परत येतो. परवा तिने मला ऑफिसात तक्रारीचा अर्ज लिहायला लावला. मजकूर तिचा, अक्षर माझं.