टाचेतील रक्ताचा थेंब आणि आनुवंशिक रोग

अन्नातील प्रथिनांचे पचन झाले म्हणजे त्यांपासून ॲमिनो अम्ले तयार होतात आणि रक्तावाटे ती सर्व शरीरात पोहोचतात. पेशींमध्ये त्यांची क्रमाक्रमाने रूपांतरे होतात. प्रत्येक रूपांतरास एक ठराविक एंझाइम लागते व ते कसे घडवावे याचा संकेत जनुकात असतो. जनुक सदोष असल्यास एंझाइम दुबळे पडते, रूपांतर अडते आणि अडलेला पदार्थ रक्तात साचतो. कालव्याचे दार बंद झाल्यावर मागे पाणी तुंबावे, तसाच हा प्रकार होय. कोणता पदार्थ साचला आहे हे समजले, की कोणते दार बंद आहे याचे अनुमान करता येते.

१९६२ मध्ये प्रथम ओळखला गेलेला होमोसिस्टिन्यूरिया हा रोग या दृष्टीने बोधप्रद आहे. मेथिओनीन या ॲमिनो अम्लापासून शरीरात होमोसिस्टीन बनते. त्याचे पुढील रूपांतर करणारे एंझाइम उणे असल्यास होमोसिस्टीन साचत जाते. असे बालक जन्मतः निरोगी दिसते. परंतु पुढे डोळ्यातील भिंग जागेवरून सरकते, बुद्धीची वाढ खुंटू शकते आणि ऐन तारुण्यातही रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. चयापचयातील दोष येथे रक्तक्लथनाचा विकार होऊन बसतो. मात्र पुष्कळ रोग्यांना ब६ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात दिल्याने गुण येतो. इतरांना मेथिओनीन कमी असलेला आहार द्यावा लागतो. उपचार जितका लवकर, तितके नुकसान कमी.

लक्षणे दिसण्यापूर्वीच रोग ओळखावयाचा कसा? १९६०च्या सुमारास अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बालकाच्या टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब गाळणकागदावर सुकवून तपासण्याची रीत रूढ केली. असा कागद टपालानेही पाठविता येतो. रक्तातील ॲमिनो अम्ले वेगळी करण्यासाठी वर्णलेखन ही पद्धत उपयोगी पडते. टीपकागदावर शाईचा ठिपका देऊन कागदाचे टोक पाण्यात बुडविले, की शाईतील रंग निरनिराळ्या उंचीवर चढतात, हे विद्यार्थ्यांनी पाहिले असेल. ॲमिनो अम्लेही अशीच वेगवेगळी चढतात आणि निनहायड्रिन फवारताच त्यांचे ठिपके उमटतात. एखादा ठिपका नेहमीपेक्षा ठळक दिसला, की संशयास जागा होते.

आपल्या देशात या दिशेने मोठे काम कर्नाटकात झाले. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील जीवरसायनशास्त्रज्ञ एन्. अप्पाजी राव व त्यांचे सहकारी यांनी १९८०च्या दशकात सुमारे १ लाख १२ हजार नवजात बालकांचे रक्त ॲमिनो अम्लांच्या विकारांसाठी तपासले. दक्षिणेत मामा-भाचीचे विवाह, तर दक्षिणेप्रमाणेच महाराष्ट्रातील अनेक समाजांतही आते-मामे भावंडांचे विवाह होत आले आहेत. अशा दांपत्यास एकच सदोष जनुक समान पूर्वजाकडून मिळण्याचा संभव अधिक असतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. स्वतः वाहकांना बहुधा काहीच त्रास नसतो. म्हणून घरात रोग नसणे ही निर्दोषतेची खूण नव्हे.

याच्या उलट, हीमोफिलियात गुठळी होण्यास फार विलंब लागतो. रक्तद्रवातील क्लथन-घटकांपैकी एक येथे उणा असतो. अर्जेंटिनातील पाव्हलोव्हस्की यांना १९४७ मध्ये असे आढळले, की काही वेळा एका हीमोफिलिया रोग्याचे रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळले असता क्लथन सुधारते. दोघांत एकच घटक उणा असता, तर असे घडले नसते! पुढे हे दोन रोग आठव्या व नवव्या घटकाच्या अभावाचे म्हणून ओळखले गेले. कोणता घटक द्यावयाचा हे यावरूनच ठरते.

पहिल्या चाचणीने निदान पुरे होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. अपुऱ्या दिवसांच्या बालकात टायरोसीन काही काळ वाढते आणि पुढे आपोआप उतरते. यास्तव संशय येताच पुन्हा रक्त घेऊन खात्री करावी लागते. त्यासाठी मातापित्यांशी संपर्क राहणे, तज्ज्ञाचा सल्ला मिळणे आणि औषध व विशेष आहार परवडणे आवश्यक आहे. ही साखळी कोठेही तुटली, तर वेळेवर झालेल्या तपासणीचा लाभ बालकापर्यंत पोहोचत नाही.