शेतातून निसटलेलं नत्र जातं कुठं?

"युरिया टाकला आणि लगेच पाऊस झाला, बरं झालं!" असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. हलकी सर आली तर ते खरंही असतं. खत विरघळून मुळांपाशी जातं. पण धो धो पाऊस कोसळला, की तोच युरिया बांध ओलांडून ओढ्याला लागतो. पैसे वाया गेले, एवढाच हिशेब आपण मांडतो. मैत्रिणींनो, गोष्ट तिथं संपत नाही. तिथून पुढे ती आपल्या हंड्यापर्यंत आणि थेट आभाळापर्यंत जाते.

महिला मंडळाच्या कामासाठी मी गावोगाव फिरते. हवा तापण्याचा विषय निघाला, की बायका हमखास विचारतात, "ताई, धूर गाड्यांचा आणि कारखान्यांचा. त्यात शेतीचं काय?" प्रश्न रास्त आहे. आपल्या देशाने 2024 च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांना जो हिशेब दिला, त्यात 2020 साली शेतीचा वाटा सुमारे 14 टक्के होता. त्यातला मोठा भाग गुरांच्या रवंथातून आणि भातखाचरांतून निघणाऱ्या मिथेनचा. पण एक भाग खतातून येतो, आणि त्यातलाही काही शेताबाहेर पडल्यावर तयार होतो. यालाच अप्रत्यक्ष उत्सर्जन म्हणतात.

ते होतं कसं? पिकाला नत्र लागतं. टाकलेलं सगळंच नत्र पीक घेत नाही. काही अमोनिया होऊन हवेत उडतं आणि दुसऱ्याच कुणाच्या रानात, तळ्यात जाऊन पडतं. काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर झिरपतं, वाहून जातं. मग तिथल्या मातीतले, गाळातले जिवाणू त्यातल्या थोड्या नत्राचा नायट्रस ऑक्साइड वायू बनवतात. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापदायक! शिवाय तो शंभराहून जास्त वर्षं वातावरणात टिकतो.

आपण घरचा जमाखर्च मांडतो, तसा एका गोणीचा मांडून बघू. युरियाची गोणी 45 किलोची. त्यात 46 टक्के, म्हणजे साधारण 21 किलो नत्र. जगभरच्या शास्त्रज्ञांनी 2006 साली ठरवलेल्या ढोबळ प्रमाणानुसार यातलं दहावा हिस्सा, म्हणजे दोन किलो हवेत जातं. पाऊसपाणी भरपूर असेल तिथं सहा किलो पाण्याबरोबर जातं. या निसटलेल्या आठ किलोंतून जेमतेम शंभर ग्रॅम नायट्रस ऑक्साइड होतो. शंभर ग्रॅम म्हणजे किती, तर मूठभर डाळ. पण 273 ने गुणा. सुमारे 29 किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप झाला! शेतातल्या शेतात तयार होणारा वायू तर वेगळाच, तो याच्या तिप्पट.

आता गोण्या किती वाढल्या ते पाहा. 1950-51 मध्ये साऱ्या देशात रासायनिक खतांतून जेमतेम 55 हजार टन नत्र वापरलं जात होतं. 1980-81 मध्ये ते 37 लाख टनांच्या आसपास गेलं, 2000-01 मध्ये 109 लाख टनांवर आणि 2020-21 मध्ये तर 200 लाख टनांच्या पुढे. हा वायू मोजतात तो नत्राच्या वापरावरूनच. त्यामुळे त्याचा आलेखही तसाच चढत गेला. याच नत्राने आपली कोठारं भरली, हे विसरून चालणार नाही. पण युरियाची गोणी अनुदानामुळे पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. मग "टाक अजून एक" असं होतं.

आणि इथं आपला, बायकांचा संबंध येतो. वाहून गेलेलं नायट्रेट विहिरीत, बोअरमध्ये उतरतं. उकिरडे आणि सांडपाणी त्यात भर घालतात. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात देशातल्या पाच नमुन्यांपैकी जवळपास एकात ते त्याहून जास्त निघालं. तान्ह्या बाळांना याचा धोका सर्वांत मोठा. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. आपल्याला वाटतं, पाणी उकळलं की झालं. पण उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते उलट वाढतं! तुरटीनेही जात नाही. म्हणून सहा महिन्यांपर्यंत आईचंच दूध. वरचं द्यावंच लागलं, तर तपासलेल्या पाण्यातच.

मग खत बंदच करायचं का? मुळीच नाही. श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतं एकदम बंद केली. भाताचं पीक घसरलं आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला. गरज आहे ती निसटणं थांबवण्याची. 2015 पासून आपल्याकडे सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलाचं आवरण देऊन येतो, त्यातलं नत्र हळूहळू मिळत राहावं म्हणून. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत खत फेकतच नाहीत. चार चुडांच्या मध्ये खताची एक गोळी चिखलात खोल खोचतात. खत मुळांपाशीच राहतं.

शेतात खत टाकणारे हात अनेकदा बाईचेही असतात. तेव्हा घरात एवढं तरी बोलूया:

• माती तपासल्याशिवाय खताचा आकडा ठरवायचा नाही.

• सगळं खत एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत द्यायचं.

• मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर खत टाकायचं नाही. टाकलं की मातीआड करायचं.

• मूग, हरभरा, तूर फेरपालटात ठेवायची. ही पिकं हवेतलं नत्र स्वतःच धरतात.

• शेणखताचा ढीग झाकायचा आणि विहिरीपासून लांब ठेवायचा.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं, असं ठरलेलं आहे. आपल्या गावात त्या कोण आहेत, हे ग्रामपंचायतीत विचारा. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत पाण्याच्या अहवालाची मागणी करा. नत्राचा आकडा कागदावर दिसला, की घरातली पुरुष मंडळीही खताच्या गोण्या मोजू लागतील!