वर्ध्याला समुद्र कुठे आहे?

वर्धा जिल्ह्याच्या नकाशात समुद्र नाही. मुंबईचा किनारा रेल्वेने साडेसातशे किलोमीटरवर; श्रीहरिकोटा तर आपण टीव्हीवरच पाहिलेले. त्यामुळे ‘अंतराळ उद्योग’ आणि ‘नील अर्थव्यवस्था’ हे शब्द बातमीत आले की आपण पान उलटतो. पण हिंगणघाटच्या बाजारात येणारा कापूस आणि आर्वी-सेलूकडचे सोयाबीन ज्या पावसावर पिकते, तो हिंदी महासागरावरून येतो आणि त्याच्या ढगांवर उपग्रहाची नजर असते. या दोन्ही उद्योगांशी आपला संबंध पावसाचा आहे, म्हणजेच पैशाचा.

महासागरात आज हजारो ‘आर्गो’ तरंगक सोडलेले आहेत. ते साधारण दहा दिवसांतून एकदा दोन हजार मीटर खोलीपर्यंत बुडी मारतात, वर येताना पाण्याचे तापमान आणि क्षारता मोजतात आणि ते आकडे उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पाठवतात. आपल्याकडे हे काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था पाहते. त्यात 2022 साली सोडलेला ओशनसॅट-3 आणि 2024चा इन्सॅट-3डीएस यांची निरीक्षणे मिळतात. या सगळ्यातून मान्सूनचा अंदाज बांधला जातो.

भारताची अंतराळ अर्थव्यवस्था 2023मध्ये सुमारे 8.4 अब्ज डॉलरची मानली गेली. 2033पर्यंत ती 44 अब्जांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. रॉकेट डोळ्यांत भरते, पण या व्यवसायातला मोठा पैसा उपग्रहांच्या सेवांत असतो. आणि सेवेची किंमत ती वापरणाऱ्याच्या हातात काय आहे, यावर ठरते. ऑगस्ट 2023 हा देशात 1901पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. एल निनोची चर्चा आधीपासून होती. पण पेरणी होऊन गेलेल्या शेतकऱ्याला त्या माहितीचा उपयोग विहिरीत पाणी आणि मोटारीला वीज असेल तरच.

खरा कस लागतो तो पीकविम्यात. उत्पादन ठरवताना कापणी प्रयोगांच्या जोडीला उपग्रहाधारित अंदाज धरण्याची पद्धत केंद्राने खरीप 2023पासून भात-गव्हाला लावली, खरीप 2024पासून सोयाबीनलाही. म्हणजे भरपाईचा हिशेब आता काही अंशी आकाशातून होतो. त्याच 2023मध्ये विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला. पाने पिवळी पडली की उपग्रहाच्या चित्रात ते उमटते. कपाशीचे तसे नाही. गुलाबी बोंडअळीने बोंड आतून पोखरले तरी झाड वरून हिरवेगार असते. उपग्रह म्हणणार, पीक उत्तम आहे. शिवाय आपल्याकडे कपाशीत तुरीची ओळ असते. चित्रातल्या एका चौकोनात दोन पिके आली की हिरवा कोणाचा, हे संगणकाला सांगता येत नाही. ते बांधावर उभा राहिलेला माणूसच सांगतो. यंत्राचा दोष दाखवण्यासाठी हे लिहीत नाही. कापणी प्रयोगांबद्दलही गावोगाव तक्रारी असतातच.

इथे जे. सी. कुमारप्पांची आठवण येते. 1934मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीतून चालवले आणि ‘शाश्वत अर्थव्यवस्था’ ही कल्पना मांडली. आज ‘शाश्वत’ हा शब्द कंपन्यांच्या अहवालांतही स्वस्त झाला आहे. त्यांनी तो फार काटेकोरपणे वापरला होता. वापरली की संपणारी निसर्गाची ठेव वेगळी आणि पुन्हा भरून येणारी वेगळी, हा त्यांचा भेद इथे लावून पाहावा. मध्य हिंदी महासागराच्या तळाशी 75,000 चौरस किलोमीटर क्षेत्रात धातूंचे गोटे शोधण्याचा भारताला अधिकार आहे. असा गोटा दशलक्ष वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. ही संपणारी ठेव. पृथ्वीभोवतीची कक्षाही तशीच मर्यादित. तिथला कचरा वाढतो आहे, म्हणून 2030पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करण्याचे भारताने जाहीर केले आहे. पावसाची माहिती मात्र एकाने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही.

बंदराशी नाते जोडण्यासाठी सिंदी (रेल्वे) येथे ड्राय पोर्ट आखले गेले, तो विषय वेगळा आणि मोठा.

30 जुलै 2025 रोजी इस्रो आणि नासाचा ‘निसार’ श्रीहरिकोट्याहून सुटला. त्याचे रडार ढगांतून आरपार पाहते. जुलै-ऑगस्टमध्ये वर्ध्यावर आठवडेच्या आठवडे आभाळ असते आणि साध्या कॅमेऱ्याचे उपग्रह तेव्हा आंधळे होतात. म्हणून आपल्याला त्याचे मोल जास्त. बारा दिवसांनी तो त्याच जागेवर परत येतो आणि त्याची माहिती सर्वांना मोफत खुली राहणार आहे. विमा कंपनीने मंडळाचा जो आकडा धरला, तो एखादी शेतकरी उत्पादक कंपनी अशा माहितीशी स्वतः ताडून पाहू शकेल. त्यासाठी ती चित्रे वाचता येणारी, आणि कपाशीतली तूर ओळखणारी, पोरे-पोरी हवीत. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच, दीड तासाच्या अंतरावर आहे. तालुक्याला अशी दोन-चार जणे तयार झाली तरी सुरुवातीला पुरेत.